डॉक्टरांनी विचारायचा राहून गेलेला प्रश्न

आपल्याकडील प्राथमिक आरोग्य केंद्रांत सकाळच्या वेळी जी रांग लागते, तीत नाना तऱ्हेचे रुग्ण असतात. कोणाचा खोकला हटत नाही, कोणाचा रक्तदाब आटोक्यात येत नाही, कोणाला तिखट घास तोंडात धरवत नाही, तर एखाद्या गर्भवतीचे वजन पुरेसे वाढत नाही. डॉक्टर प्रत्येकाची तक्रार ऐकून घेतात, रक्तदाब पाहतात, गोळ्या लिहून देतात आणि पुढच्या रुग्णाला हाक जाते. या व्यवहारात एक प्रश्न मात्र पुष्कळदा विचारायचा राहून जातो. तंबाखू खाता का, मशेरी लावता का, दारू घेता का, हा तो प्रश्न होय. वस्तुतः वर सांगितलेल्या चारही तक्रारींचे मूळ अशा एखाद्या सवयीत असू शकते. मूळ तसेच ठेवून फांद्या छाटत राहावे, त्यातलाच हा प्रकार म्हटला पाहिजे.

हे केवळ अनुमान नव्हे. २०१६-१७ साली झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत, वर्षभरात डॉक्टरांकडे किंवा अन्य आरोग्यसेवकाकडे जाऊन आलेल्या लोकांना याबाबत विचारण्यात आले होते. देशातील विडी-सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ४८.८ टक्के लोकांना ती सोडण्याचा सल्ला मिळाला होता. तंबाखू चघळणाऱ्या व लावणाऱ्यांच्या बाबतीत हे प्रमाण अवघे ३१.७ टक्के निघाले. म्हणजे तंबाखूची पुडी खिशात बाळगून दवाखान्याची पायरी चढलेल्या दर तिघांपैकी दोघे, तिच्याविषयी एक शब्दही न ऐकता, तीच पुडी घेऊन परत गेले. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही गोष्ट विशेष गंभीर आहे. त्याच सर्वेक्षणानुसार या राज्यातील २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होत्या. त्यांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. आपले व्यसन मुख्यतः तोंडात धरायचे आहे, ओढायचे नव्हे. आणि नेमके त्याच व्यसनाबद्दल दवाखान्यात मौन पाळले जाते.

एका वाक्याची किंमत

डॉक्टरांच्या चार शब्दांनी जन्माची सवय सुटते काय, अशी शंका कोणीही घेईल. तिचे उत्तर १९७९ साली लंडनमध्ये मिळाले. मायकेल रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच दवाखान्यांतील २८ डॉक्टरांच्या साहाय्याने एक साधा प्रयोग केला. चार आठवड्यांत तेथे आलेल्या २,१३८ धूम्रपान करणाऱ्या रुग्णांचे चार गट पाडण्यात आले. एका गटाला काहीच सांगितले नाही. दुसऱ्याकडून केवळ प्रश्नावली भरून घेतली. तिसऱ्याला डॉक्टरांनी एक-दोन मिनिटांत धूम्रपान सोडण्याचा सल्ला दिला. चौथ्याला सल्ल्याबरोबर एक माहितीपत्रक दिले आणि 'पुढे तुमची पुन्हा चौकशी होईल' असेही बजावले. पहिल्या महिन्यात धूम्रपान सोडून वर्षअखेरपर्यंत त्यापासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण या चार गटांत अनुक्रमे ०.३, १.६, ३.३ आणि ५.१ टक्के आढळले.

शंभरांतले पाच हा आकडा पाहून नाक मुरडण्याचा मोह होईल. तथापि औषधयोजनेचे मोल केवळ टक्केवारीवर ठरत नाही. ती किती जणांपर्यंत पोचते आणि तिला खर्च किती येतो, यावरही ते ठरते. या उपायाला ना यंत्र लागते, ना प्रयोगशाळा. रुग्ण स्वतःच्या पायाने डॉक्टरांसमोर येऊन बसलेला असतो. आपल्याकडे तोच आकडा जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. परंतु समजा, हजार जणांना सांगून तीस-चाळीसच सुधारले, तरी दोन मिनिटांच्या मोबदल्यात एवढे देणारे दुसरे औषध दाखवणे कठीण आहे. या प्रयोगातील दुसरा बोधही दुर्लक्षिण्याजोगा नाही. नुसत्या सल्ल्यापेक्षा 'पुन्हा विचारणार आहे' हे आश्वासन जोडलेला सल्ला अधिक फळला. आपली कोणी वाट पाहणार आहे, ही जाणीव माणसाला बळ देते. शाळेत गृहपाठ तपासणाऱ्या शिक्षकांना हे सत्य निराळे सांगण्याची गरज नाही.

मौखिक कर्करोगाच्या बाबतीत तर याचा पुरावा आपल्याच देशात तयार झालेला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली, महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडाची तपासणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. पुढे याच संशोधकांच्या गटाने देशाच्या तीन ग्रामीण भागांतील ३६,००० हून अधिक तंबाखू वापरणाऱ्यांना दरवर्षी भेटून त्यांचे तोंड तपासले आणि सवय सोडण्याबद्दल समजावले. १९८६ साली त्याचे निष्कर्ष जाहीर झाले. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात, कर्करोगाची पूर्वसूचना देणारे पांढरे चट्टे नव्याने उठण्याचे प्रमाण पुरुषांमध्ये पूर्वीच्या सुमारे चौथाईवर आले. समजावणे वाया जात नाही, हे याहून स्पष्टपणे कसे सांगावे?

'तंबाखू खाता का?' हा प्रश्न अपुरा

मात्र प्रश्न विचारायचा तो त्या मातीतल्या भाषेत विचारला पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यात हा मुद्दा निर्णायक आहे. येथील कितीतरी घरांत तव्यावर तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजून, तिची पूड करून, ती मशेरी म्हणून दातांना लावण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. देशावर तिलाच मिश्री म्हणतात. सकाळी दात घासण्याच्या निमित्ताने सुरू झालेली ही सवय पुढे दुपारी जेवणानंतर, संध्याकाळी चुलीपुढे बसताना, अशी दिवसातून चार-पाच वेळा होऊन बसते. ती वापरणारी गृहिणी तिला व्यसन समजत नाही. तिच्या लेखी ते दात घासणे असते. तेव्हा अशा स्त्रीला 'धूम्रपान करता का?' असे विचारले तर ती हसेल, आणि 'तंबाखू खाता का?' असे विचारले तर 'नाही' म्हणेल. तिचे उत्तर खोटे नसते. प्रश्न चुकलेला असतो. केसपेपरवर 'तंबाखू: नाही' अशी नोंद होते आणि दुखण्याचे कारण कागदावरून कायमचे पुसले जाते.

येथील लोकसंख्येची घडण ध्यानात घेतली म्हणजे या चुकीचे गांभीर्य अधिक जाणवते. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हे प्रमाण राज्यात सर्वाधिक होते. तरुण व कर्ते पुरुष पोटापाण्यासाठी मुंबईला जातात आणि घर, गुरे, भातशेती सांभाळायला मागे स्त्रिया राहतात, ही कोकणची जुनी कहाणी त्या आकड्यात उमटली आहे. अशा जिल्ह्यातील व्यसनमुक्तीचा कार्यक्रम जर पुरुषांच्या विडीपुरता आणि पानटपरीपुरता मर्यादित राहिला, तर तो निम्म्याहून अधिक वस्तीला वगळूनच चालेल.

यात अजून न जन्मलेल्या जिवाचाही प्रश्न आहे. मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बालके इतरांच्या बालकांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची जन्मली, असे त्यात दिसून आले. त्या स्त्रियांत मशेरी लावणाऱ्या पुष्कळ होत्या. गर्भवतीची नोंदणी होते, तिला लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, धनुर्वाताची लस टोचली जाते; पण तिच्या मशेरीच्या डबीबद्दल विचारणा झाली नाही, तर या साऱ्या खटाटोपाचा काही अंश त्या डबीतच जातो. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या पुडीपर्यंत कायद्याचा हात पोचत नाही. तेथे आरोग्यसेविकेचा शब्दच पोचू शकतो.

डॉक्टरांना दोष देऊन भागणार नाही

इतके सांगितल्यावर डॉक्टरांच्या निष्काळजीपणावर कोरडे ओढणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. ६७ देशांतील प्राथमिक उपचारांच्या वेळेचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये डॉक्टर एका रुग्णासाठी सरासरी साडेबावीस मिनिटे देतात, तर भारतात सुमारे दोन मिनिटे, असे त्यावरून दिसते. या दोन मिनिटांत तक्रार ऐकायची, तपासायचे, लिहायचे आणि वर व्यसनाची समजूतही घालायची, ही अपेक्षा माणसाच्या आवाक्यातली नव्हे. दुसरी अडचण शिक्षणाची आहे. रोगाचे निदान कसे करावे हे शिकवण्यात आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी वर्षानुवर्षे श्रम घेतले. रुग्णाशी बोलावे कसे, हे मात्र ज्याने-त्याने आपापल्या स्वभावानुसार शिकायचे, अशीच रीत होती. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात रुग्णाशी वागणूक व संवाद यांना स्वतंत्र स्थान मिळाले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. प्रश्न विचारला आणि रुग्ण 'होय, सोडायची आहे' म्हणाला, तर त्याला पुढे पाठवायचे कोणाकडे? ज्या प्रश्नाच्या उत्तराचे काय करायचे हे ठाऊक नाही, तो प्रश्न माणूस विचारीनासा होतो. डॉक्टरही त्याला अपवाद नाहीत.

या तिसऱ्या अडचणीवर आपल्या शेजारच्या गोव्याने उत्तर शोधले आहे. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगत' या संस्थेने दारूच्या घातक आहारी गेलेल्या ३७७ पुरुषांवर एक प्रयोग केला. रांगेत बसलेल्या रुग्णांना जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची प्रश्नावली देऊन असे पुरुष निवडण्यात आले. निम्म्यांना नेहमीची वैद्यकीय सेवा थोडी सुधारून देण्यात आली. उरलेल्यांशी तिच्या जोडीला समुपदेशकांनी फार तर चार बैठकांत बोलणी केली. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. ते त्याच समाजातील, या कामाचे शिक्षण दिलेले सामान्य स्त्री-पुरुष होते. २०१७ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी घातक मद्यपानातून बाहेर पडलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात २६ टक्के, तर समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के होते. हा फरक वर्षभरानंतरही टिकून राहिला. डॉक्टरांनी विचारावे, एक ठाम वाक्य बोलावे आणि पुढची समजूत दुसऱ्या शिकवलेल्या माणसावर सोपवावी. ही वाटणी व्यवहार्य आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील एका रसायन कारखान्यातही असाच अनुभव आला. तेथील १०४ कामगारांची टाटा स्मारक रुग्णालयाच्या पथकाने तपासणी केली, तेव्हा ४८ टक्के कामगार तंबाखू वापरत असल्याचे आढळले. व्याख्याने, गटचर्चा व गरजेप्रमाणे औषधे यांच्या जोडीला कारखान्याच्या आणि स्थानिक रुग्णालयाच्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांनाही या कामाचे शिक्षण देण्यात आले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे, एका वर्षाच्या अखेरीस तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत पोचले होते, आणि प्रत्येक भेटीगणिक ते वाढत गेले होते. कामगारांनी दिलेली उत्तरे खरी आहेत की नाहीत, हे लघवीच्या तपासणीने पडताळून पाहिले असता ९६ टक्के वेळा दोहोंचा मेळ बसला. 'रुग्ण खरे सांगतच नाहीत' या तक्रारीला हे बोलके उत्तर आहे. योग्य रीतीने विचारले तर माणसे खरे सांगतात.

उपदेश निराळा, समुपदेशन निराळे

योग्य रीत कोणती, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. कारण याच ठिकाणी पुष्कळांचा गोंधळ होतो. 'एवढे शिकलेसवरलेले, आणि तंबाखू खाता? लाज नाही वाटत?' हे समुपदेशन नव्हे. रांगेतल्या चार माणसांदेखत असे बोलणे ऐकलेला रुग्ण तंबाखू सोडत नाही. तो डॉक्टर सोडतो. पुढच्या वेळी तोंडात फोड आला तर तो लपवतो, आणि दवाखान्यात येतो तो गिळणे अशक्य झाल्यावर. व्यसन ही चारित्र्याची शिक्षा नाही. निकोटिनच्या सवयीला शरीर बांधले गेलेले असते. ते तुटताना चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड होते. पहिला आठवडा जड जातो आणि बहुधा महिन्याभरात हा त्रास ओसरतो. हे आधी सांगून ठेवले तर माणूस धीर धरतो. न सांगितले तर तिसऱ्या दिवशी 'मला हे मानवत नाही' म्हणून पुन्हा पुडी फोडतो.

चांगल्या समुपदेशनात फार बोलावे लागत नाही. 'काकी, मशेरी दिवसातून किती वेळा लावता? तोंडातला हा पांढरा डाग मला दिसतो आहे. तो मशेरीचा आहे. ती थांबवली तर तो कमी होण्याची आशा आहे. तुम्हांला सोडावीशी वाटते का? मग कोणत्या दिवसापासून, ते तुम्हीच ठरवा. आशाताई पुढच्या बुधवारी तुमच्याकडे येतील.' या पाच-सहा वाक्यांत विचारणे आले, सांगणे आले, रुग्णाच्या मनाचा अंदाज घेणे आले, मदत आली आणि पुढच्या भेटीची तारीखही आली. जगभरच्या वैद्यकशास्त्राने ठरवून दिलेल्या पाच पायऱ्या याच आहेत. आणि हे बोलताना बॅटरीच्या उजेडात तोंडात पाहणेही होते. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, तंबाखू वा दारूचे सेवन करणाऱ्यांची अशी नुसत्या नजरेने केलेली तपासणी मौखिक कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी करू शकली.

जिल्ह्याने काय करावे?

या कामासाठी नवे खाते उघडण्याची आवश्यकता नाही. साधने आज हाताशी आहेत. तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीसाठी आशा कार्यकर्तीने भरायच्या तक्त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम यांविषयीचे प्रश्न आहेतच. उणीव आहे ती या तक्त्याची डॉक्टरांच्या मेजाशी गाठ घालण्याची. भरलेला कागद गठ्ठ्यात जाऊन पडत असेल, तर त्याचा उपयोग अहवालापुरताच. म्हणून पहिली सूचना अशी की, रक्तदाबाचा आकडा जसा केसपेपरवर आपसूक लिहिला जातो, तशीच तंबाखू, मशेरी, सुपारी व दारू या चार शब्दांची नोंद डॉक्टरांच्या खोलीत जाण्यापूर्वीच परिचारिकेने करावी. कागद समोर आला की डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचेल आणि विसरही पडणार नाही.

दुसरे, प्रत्येक केंद्रात एका परिचारिकेला, आणि प्रत्येक उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला, समुपदेशनाचे काही दिवसांचे शिक्षण देऊन त्यांच्यासाठी आठवड्यातला एक वार ठरवून द्यावा. डेरवणचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि २०२३ साली सुरू झालेले रत्नागिरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अशी दोन विद्यास्थाने आता या जिल्ह्यात आहेत. मशेरी लावणाऱ्या स्त्रीशी कोकणच्या बोलीत कसे बोलावे, हे तेथील विद्यार्थ्यांना शिकवले, तर पाठ्यपुस्तकांत नसलेली एक विद्या येथून बाहेर पडेल. तिसरे, निकोटिनचे च्युइंगगम वा तत्सम पर्यायी औषध २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत समाविष्ट झाले आहे. ते ज्याला गरज आहे त्याला केंद्रातच मिळावे. यादीत नाव आणि कपाटात रिकामी जागा, असे होऊ नये.

यावर कोणी म्हणेल, हे सारे वरवरचे उपाय आहेत. तंबाखूच बंद करा. राज्याने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती योग्यच होती. पण पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत विकून त्या बंदीला बगल कशी दिली जाते, हे शाळेच्या पोरांनाही ठाऊक आहे. कायदा हवाच, त्याची अंमलबजावणीही हवी. तथापि आज ज्याला सवय लागलेली आहे, त्याचा हात धरण्याचे काम कायदा करीत नाही. ते माणसालाच करावे लागते.

आणि हे काम एकट्या डॉक्टरांचेही नाही. दवाखान्यात बरोबर जाणारा शिकलेला मुलगा, आईची तक्रार सांगताना 'ती मशेरी लावते' एवढे एक वाक्य पुढे करू शकतो. कार्यालयातील कारकून तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आपल्या सोबत्याला दाखवू शकतो. शिक्षकांना तर गावात शब्दाचा मान आहे. डॉक्टरांनी विचारले नाही, तर रुग्णानेच विचारावे: 'डॉक्टर, मला ही सवय सोडायची आहे, काय करू?' ज्या दवाखान्यात हा प्रश्न रोज कोणी ना कोणी विचारू लागेल, तेथे त्याचे उत्तर देणारा माणूस नेमणे शासनालाही फार काळ टाळता येणार नाही.